आधी गुडघे, मग कॅमेरा

प्रवासात जुनी ख्रिस्तमंदिरे दिसली की त्यांची छायाचित्रे घेण्याचा आम्हाला छंद आहे. धर्मशिक्षणाच्या वर्गात ती दाखविली म्हणजे मुलांच्या डोळ्यांपुढे इतिहास उभा राहतो. याच हेतूने काही वर्षांपूर्वी आम्ही चोर्ला घाट उतरून जुन्या गोव्यास गेलो.

1605 साली अभिषिक्त झालेल्या बॉम जेझू मंदिराच्या तांबड्या भिंती उतरत्या उन्हात निखाऱ्यासारख्या उजळल्या होत्या. आम्ही हरखून चित्रांवर चित्रे घेतली. वास्तविक ते सौंदर्य ही त्या मंदिराची जखमच होय. बाहेरच्या भिंतींवर पूर्वी चुन्याचा गिलावा होता. गेल्या शतकाच्या मध्यास तो काढला गेला आणि जांभा दगड उघडा पडला. तेव्हापासून दर पावसाळ्यात पाणी त्या दगडात मुरते व त्याला झिजविते.

आत मुख्य वेदीवर बाळ येशू. त्याच्या वर संत इग्नाती लोयोला, दृष्टी येशूनामांकित तेजोवलयाकडे लागलेली. उजवीकडे संत फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष असलेली, गोव्याच्याच कारागिरांनी घडविलेली चांदीची पेटी. कोन साधण्यासाठी आम्ही कधी वाकत होतो, कधी मागे सरत होतो. असे सरताना कोणाला तरी धक्का लागला. वळून पाहिले, तो एक वृद्धा जपमाळ हाती घेऊन उभी! आमचा पायघोळ झगा पाहून तिने अदबीने विचारले, "पाद्र, जालें?" आमचे आटोपले की तिला तेथे गुडघे टेकावयाचे होते.

त्या दोन शब्दांनी आम्ही ओशाळलो. अर्धा तास प्रभूच्या घरात वावरूनही आमचा गुडघा जमिनीला लागला नव्हता.

छायाचित्रे व्यर्थ आहेत, असे मात्र नव्हे. तेथून जवळच असलेल्या संत ऑगस्टीनच्या भव्य मंदिराचे छत 1842 साली कोसळले. 1931 साली दर्शनी भाग व निम्मा मनोराही ढासळला. दगडही कायमचा नसतो. म्हणून, वाचकहो, आपल्या गावच्या जुन्या वेदीचे, क्रुसाचे, घरातील पूर्वजांच्या मूर्तीचे चित्र नव्या रंगरंगोटीपूर्वी अवश्य घेऊन ठेवा. फक्त क्रम चुकवू नका.

आम्ही आता जपमाळेचे एक दशक संपेपर्यंत कॅमेरा पिशवीतच ठेवतो. ते दशक त्या आजीबाईंसाठी असते.