दोन नावांचं बेट

श्रीलंकेच्या उत्तर टोकाला, जाफना शहराच्या पश्चिमेला, उथळ समुद्रात एक लहानसं बेट आहे. सिंहली बौद्ध त्याला नागदीप म्हणतात, तमिळ माणसं नैनातीवू म्हणतात. एकाच मातीला दोन नावं, आणि दोन्हींच्या मुळाशी नागच. आम्हां बेळगावकरांना यात नवल वाटायचं कारण नाही. २०१४ साली आमचं गाव कागदोपत्री बेळगावी झालं. माझ्या तोंडी बेळगाव बसलंय, धाकट्या सुनेच्या तोंडी बेळगावी. आमटी दोघी मिळून करतो, तेव्हा ती काही नाव विचारत नाही. पण घराबाहेर याच नावावरून काय काय झालं ते आमच्या पिढीनं पाहिलंय. म्हणून या बेटाविषयी वाचल्यापासून मला तिथं जायचंच होतं.

बस्तीतल्या आम्ही अकरा जणी निघालो. सोबत माझ्या थोरल्या जाऊबाई, आक्का. वय अडुसष्ट, रात्रीचं जेवण सोडून चाळीस वर्षं झाली, कंदमुळं घरात येऊ देत नाहीत. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "काय गं, तिथं जाऊन हात जोडायचे का नुसतं बघून यायचं?" प्रश्न साधा नव्हता. आपल्याकडे तीन मूढता सांगितल्यात, त्यातली एक देवमूढता. वीतराग सोडून दुसऱ्या कुणापुढं देव समजून माथा टेकायचा नाही, हे लहानपणापासून कानावर पडलेलं. मी म्हटलं, "आक्का, जाऊन तर बघू." त्यांनी पिशवीत पाणी गाळायचं दुहेरी फडकं घातलं आणि विषय तेवढ्यावर थांबवला.

कोलंबोहून उत्तरेकडे जाताना वाटेत अनुराधपूर लागतं. बाकीच्या जणी बोधिवृक्षाच्या दर्शनाला उत्सुक होत्या. माझं मन अभयगिरीच्या स्तूपाकडे लागलं होतं. बी.ए.ला असताना 'महावंसा'बद्दल थोडं वाचलं होतं, ते नंतर पुन्हा काढून नीट वाचलं. श्रीलंकेच्या या जुन्या पाली इतिहासग्रंथात निगंठ येतात. निगंठ म्हणजे निर्ग्रंथ, म्हणजे आपलेच साधू. पंडुकाभय राजानं अनुराधपूर वसवलं तेव्हा त्यानं जोतिय नावाच्या निगंठासाठी घर बांधलं, त्याच परिसरात गिरी नावाचा निगंठ राहत होता, असं त्यात लिहिलंय. अशोकाचा मुलगा महिंद धम्म घेऊन या बेटावर आला, त्याच्याही आधीची ही गोष्ट.

पुढची गोष्ट मात्र वाचवत नाही. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात वट्टगामणी अभय राजा लढाईत हरून पळत होता, तेव्हा गिरी निगंठानं त्याची कुचेष्टा केली म्हणे. चौदा वर्षांनी राज्य परत मिळाल्यावर राजानं निगंठांचा मठ पाडला आणि त्या जागी विहार बांधला. राजाचं नाव अभय, मठाच्या नावातला गिरी, मिळून अभयगिरी. विजेत्यानं लिहिलेल्या इतिहासात हरलेल्याचा दोष असायचाच, त्यामुळं त्या कुचेष्टेचं मी फारसं मनावर घेत नाही. पण त्या प्रचंड विटांच्या स्तूपापुढं उभी राहिले तेव्हा घशाशी काहीतरी आलं. आता तिथं आपलं म्हणावं असं काही दिसत नाही. ना पाट्यांवर चोवीस तीर्थंकर, ना एखादी भग्न मूर्ती. एका साधूचं अर्धं नाव दुसऱ्याच्या देवळाला चिकटून राहिलंय, एवढंच.

आक्कांना मी हे सांगितलं. त्या बराच वेळ स्तूपाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हंजे आपल्या माणसाचं नाव रोज हे लोक घेतात की, न कळता." मला हे सुचलं नव्हतं.

अनुराधपूर सोडल्यावर पुढे माती कोरडी होत जाते, नारळ मागं पडतो आणि ताड सुरू होतात. पाट्यांवर सिंहली, तमिळ, इंग्रजी अशा तीन लिप्या. जाफना शहरात पांढरीशुभ्र सार्वजनिक लायब्ररी दिसली. १९८१ साली ती जाळली गेली होती, सुमारे ९७ हजार पुस्तकं आणि ताडपत्रावरच्या जुन्या पोथ्यांसह. त्यानंतर दोनच वर्षांनी जे युद्ध पेटलं ते २००९पर्यंत चाललं. इमारत आता पुन्हा उभी आहे. ताडपत्रं पुन्हा कुठून आणणार? आपल्या मूडबिद्रीच्या मठात षट्खंडागमाच्या ताडपत्रांची प्रत पिढ्यान्‌पिढ्या जिवापाड जपली, म्हणून आज तो ग्रंथ आपल्या हातात आहे. ती जळाली असती तर, असा विचार त्या पायऱ्यांवर मनात आला आणि आम्ही अकरा जणी काही न बोलता गाडीत बसलो.

बेटाकडं जायला जाफन्याहून तासाभराचा रस्ता. समुद्रातून बांधलेल्या लांबलचक बंधाऱ्यांवरून गाडी जाते, दोन्हीकडं पाणी इतकं उथळ की बगळे मध्यावर उभे. ठिकठिकाणी मासळी वाळत घातलेली. आमच्यातल्या दोघींनी पदर नाकाला लावला. मला त्या मासळीपाशी वाकलेल्या बायका दिसल्या. माझ्याच वयाच्या, उन्हानं रापलेल्या. इतकी वर्षं युद्ध झालेल्या मुलखात प्रत्येकीच्या घरातून कोण कोण गेलं असेल, हे विचारायचं धाडस आम्हांला नव्हतं आणि भाषाही नव्हती. अहिंसा मी मानते. पण त्या बायकांकडं बघून नाक मुरडणं काही अहिंसेत बसत नाही, असं मला वाटलं.

कुरिकट्टुवान धक्क्यावरून लाकडी होडी निघते. आमच्या होडीत पांढऱ्या कपड्यांतले सिंहली यात्रेकरू होते, कमळांच्या आणि चाफ्याच्या परड्या मांडीवर घेतलेले. त्यांच्याच शेजारी कपाळाला विभूती लावलेली तमिळ कुटुंबं. वीसेक मिनिटांत बेट आलं.

आम्ही आधी नागपूषणी अम्मनच्या देवळात गेलो. उंच रंगीत गोपुर, दगडी नागप्रतिमा, नवसाचे छोटे पाळणे. इथली कथा अशी सांगतात: एक नाग रोज शेजारच्या बेटावरून तोंडात फूल धरून देवीच्या पूजेला पोहत यायचा. एकदा गरुडानं त्याच्यावर झडप घातली. नाग समुद्रातल्या खडकाला वेटोळं घालून बसला. तेवढ्यात एका व्यापाऱ्याचं गलबत तिथून चाललं होतं. त्यानं गरुडाची विनवणी केली, तेव्हा गरुड म्हणाला, तू इथं देवीचं देऊळ बांधणार असशील तर सोडतो. त्यानं कबूल केलं. नाग वाचला, देऊळ झालं.

दुपारी अन्नछत्रात सगळ्यांना जेवण होतं. कुणाला जात नाही विचारली, गाव नाही विचारलं. तमिळमध्ये 'मणिमेकलै' नावाचं जुनं बौद्ध महाकाव्य आहे. त्यातल्या मणिमेकलैला मणिपल्लवम् बेटावर कधी रिकामं न होणारं भिक्षापात्र मिळतं आणि ती भुकेल्यांना जेवू घालत फिरते. ते मणिपल्लवम् म्हणजे हेच बेट, असं इथं मानतात. मणिमेकलै ही 'शिलप्पदिकारम्'मधल्या कोवलन आणि माधवीची मुलगी. आणि 'शिलप्पदिकारम्'चा कर्ता इळंगो अडिगळ परंपरेनं जैन मुनी मानला जातो. त्यात कोवलन आणि कण्णगीला मदुरेच्या वाटेवर सोबत करते ती कवुंदी, तीही जैन साध्वीच. पत्रावळीपुढं बसून मी आक्कांना हे सांगत होते, आणि त्या सांबारातला बटाटा बाजूला सारून नुसता भात-ताक खात म्हणाल्या, "म्हंजे आईची गोष्ट आपल्यात आणि लेकीची यांच्यात. पाव्हणेच की आपण."

तिथून चालत दहा मिनिटांवर नागदीप विहार. चंदेरी घुमटाचा स्तूप उन्हात डोळ्यांवर येतो. बौद्धांच्या मते ज्ञानप्राप्तीनंतर पाचव्या वर्षी भगवान बुद्ध इथं आले. महोदर आणि चूळोदर हे दोन नागराजे, नात्यानं मामा-भाचे, एका रत्नजडित सिंहासनासाठी सैन्य घेऊन समोरासमोर उभे होते. बुद्धांनी त्यांना उपदेश केला. दोघांनी शस्त्रं टाकली आणि ते सिंहासन बुद्धांनाच अर्पण केलं. चैत्री पौर्णिमेला, ज्याला ते बक पोया म्हणतात, इथले बौद्ध या घटनेचं स्मरण करतात.

मला त्या कथेत एक गोष्ट आवडली. सिंहासन कुणाचं, याचा निवाडा बुद्धांनी केलाच नाही. मामाचं की भाच्याचं, हे त्यांनी ठरवलं नाही. भांडण मिटलं ते ज्यावरून भांडत होते तेच दोघांनी सोडलं म्हणून. आपल्याकडं अपरिग्रह म्हणतात तो याहून वेगळा काय असतो? आणि तरीही ज्या बेटावर ही गोष्ट घडली असं सांगतात, त्याच मुलखात पंचवीस वर्षांहून जास्त काळ माणसं एकमेकांना मारत राहिली. गोष्ट माहीत असणं पुरत नाही. आमच्या सीमाभागालाही हे सांगायला नको.

स्तूपासमोर मी उभी राहिले आणि मला फणा दिसल्या. देवळात देवीच्या मागं नाग, इथं नागराजे, आणि डोळे मिटले तर आमच्या बस्तीतला सप्तफणी पार्श्वनाथ. जळत्या लाकडातून ज्यांना बाहेर काढलं ती नागाची जोडी पुढं धरणेंद्र-पद्मावती झाली आणि उपसर्गाच्या पावसात त्यांनीच भगवंतांवर छत्र धरलं. तिन्ही कथांत नाग येतो. कुणीतरी त्याला मारायचं नाही असं ठरवतो, आणि तिथं तीर्थ होतं.

मग हात जोडायचे की नाही? मी जोडले. देव म्हणून नाही. शस्त्र खाली ठेवायला लावणाऱ्याला जोडले.

आक्कांनी मात्र हात जोडले नाहीत. त्या विहारातल्या बोधिवृक्षाकडं गेल्या. तिथं बायका लहान घागरींनी झाडाला पाणी घालत फेऱ्या मारतात. आक्कांनी घागर घेतली, पिशवीतून फडकं काढलं आणि हौदातलं पाणी गाळायला बसल्या. एका हातानं फडकं नीट धरवत नव्हतं. पांढऱ्या साडीतली एक सिंहली बाई बराच वेळ बघत होती. तिनं खुणेनं विचारलं, हे काय? आक्कांनी अंगठा आणि तर्जनी जवळ आणून इवलंसं काहीतरी दाखवलं, मग बोटं वळवळवली आणि मान हलवली: मरायला नकोत. ती बाई क्षणभर थांबली. मग खाली बसली आणि तिनं फडक्याची दुसरी दोन टोकं धरली. घागर भरल्यावर आक्कांनी फडकं उलटं करून हौदातच हलकेच धुतलं, जीव परत जिथले तिथं गेले. दोघींनी मिळून झाडाला पाणी घातलं. ती "साधु, साधु" म्हणाली. आक्का "जयजिनेंद्र" म्हणाल्या.

परतीच्या होडीत मी विचारलं, "आक्का, हात नाही जोडलेत?"

"झाडाला पाणी घातलं की," त्या म्हणाल्या, आणि ओलं फडकं वाळायला होडीच्या कडेवर पसरून त्याच्या दोन्ही कोपऱ्यांवर हात दाबून बसल्या.