फेस बसला की बाटली भरा

अमेरिकेच्या ईशान्येला, कॅनडाच्या हद्दीला टेकून व्हरमाँट नावाचे छोटेसे डोंगराळ राज्य आहे. हद्दीच्या अलीकडे इंग्रजी, पलीकडे क्युबेक प्रांतात फ्रेंच. म्हणजे आपल्यासारखाच हा सीमाभाग! भाषा बदलते, पण डोंगर तेच, थंडी तीच आणि मेपलची झाडेही तीच. त्या झाडांचा रस आटवून पाक करण्याच्या जागेला व्हरमाँटमध्ये 'शुगरहाऊस' म्हणतात, तर क्युबेकमध्ये 'काबान आ सुक्र'. आपण नाही का, घरात गूळ म्हणतो आणि शेजारी बेल्ल म्हणतो. इकडे गुऱ्हाळ आणि मलनाडात आलेमने!

या मुलखात जायचे तर लोक शरद ऋतूत जातात, लाल-केशरी पाने पाहायला. पण मेपलची खरी गंमत मार्चमध्ये असते. रस्त्यांवर चिखल, झाडांवर एक पान नाही, सावलीत अजून बर्फाचे ढीग. रात्री पारा शून्याखाली उतरतो आणि दिवसा वर चढतो. या चढउतारामुळेच खोडातला रस वाहू लागतो. एकदा कळ्या फुटू लागल्या की रसाची चव बिघडते आणि हंगाम संपतो. सगळा खेळ चार ते सहा आठवड्यांचा. गोरे वसाहतवाले येण्यापूर्वी अबेनाकी आणि इतर मूळ रहिवाशांना ही विद्या ठाऊक होती. नंतरचे सारे त्यांच्याकडूनच शिकले.

खोडाला जेमतेम ८ मिलिमीटर रुंदीचे भोक पाडतात आणि त्यात तोटी बसवतात. पूर्वी खाली बादली टांगत, आता बहुतेक ठिकाणी निळ्या नळ्यांचे जाळे रानभर पसरलेले दिसते. रस पाण्यासारखा स्वच्छ असतो आणि प्याला तर गोडी जेमतेम जाणवते. साखर असते साधारण २ टक्के. त्यामुळे १ लिटर पाक व्हायला सुमारे ४० लिटर रस आटवावा लागतो. उसाच्या रसावर वाढलेल्या आपल्या माणसाला हा हिशेब ऐकूनच घाम फुटतो.

मार्चअखेरीला व्हरमाँटमधली अनेक शुगरहाऊसे पाहुण्यांसाठी खुली असतात. लेकीकडे गेलो असताना आम्हीही अशाच एका घरगुती शुगरहाऊसमध्ये डोकावलो. छपरातून वाफेचे लोट निघत होते. आत लाकडाची भट्टी, तिच्यावर लांबट, उथळ, खाने पाडलेली कढई. आपली काहील गोल, ही चौकोनी, एवढाच फरक. रस उसळून फेस कडेला आला, की शेतकरी त्यात लोण्याचा चिमूटभर गोळा टाकी आणि फेस बसून जाई. आपल्याकडे गुळव्या काहिलीत तेलाचे थेंब सोडतो, तसेच. मळी वर आणायला आपण रानभेंडीचा चिकट रस घालतो, तो प्रकार मात्र तिकडे नाही.

शाकाहारी मंडळींसाठी एक गोष्ट सांगायला हवी. पूर्वी काही ठिकाणी खारवलेल्या डुकराच्या चरबीचा तुकडा कढईवर दोरीने टांगून ठेवत. फेस चढून त्याला टेकला की खाली बसे. आता बरेचजण वनस्पती तेल वापरतात. तरी शंका असेल तर छोट्या उत्पादकाला सरळ विचारावे. मोकळेपणाने सांगतात.

उकळत्या पाण्यापेक्षा तापमान सुमारे ४ अंश सेल्सिअस वर गेले, की पाक तयार. हवेचा दाब रोज बदलतो, म्हणून जाणते लोक आधी त्या दिवशी पाणी किती अंशांवर उकळते ते पाहून घेतात. मग पाक गरम असतानाच जाड लोकरी फडक्यातून गाळतात. त्यात खनिजांचा बारीक साका असतो. तिकडे त्याला 'शुगर सँड', म्हणजे साखरेची वाळू, असे गमतीचे नाव आहे.

आपल्याला वाटते, संपले काम. पण खरी परीक्षा बाटली भरतानाच असते. कढईतला फेस लोण्याने बसतो, बाटलीतला फेस मात्र माणसाच्या तोंडाला फेस आणतो! कारण हा फेस उकळीचा नसून हवेचा असतो. घट्ट पाक उंचावरून पडला, जोरात ढवळला किंवा घाईने ओतला की त्यात हवा कोंडली जाते आणि दाट पाकातून तिचे बुडबुडे लवकर वर येत नाहीत. बाटली गळ्यापर्यंत भरलेली दिसते, झाकण लागते, आणि दुसऱ्या दिवशी पाहावे तर पाक दोन बोटे खाली! उंचावरून धार धरून फेसाने माप भरणारा दूधवाला ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

इथे नुसत्या मापाचा प्रश्न नाही. वर जास्त हवा राहिली की बुरशीला जागा मिळते. फेस बाटलीच्या काठावर चिकटला तर झाकणही नीट बसत नाही. मोजक्या झाडांवर वर्षाला आठ-दहा लिटर पाक करणाऱ्या घराची एक बाटली बिघडली, तर ४० लिटर रस, लाकूडफाटा आणि रात्रीचे जागरण वाया जाते.

म्हणून त्या घरातली पद्धत पाहण्यासारखी होती. गाळलेला पाक मंद आचेवर ८२ ते ८५ अंशांवर आणून ठेवला. त्याहून थंड झाला तर बाटलीत जंतू टिकण्याची भीती आणि दाटपणामुळे बुडबुडेही अडकतात. फार तापवला तर पुन्हा साका धरून पाक गढूळ होतो. वरचा फेस पळीने काढून टाकला आणि भांडे काही वेळ न हलवता राहू दिले. भांड्याला तळाजवळ तोटी होती, त्यामुळे वर राहिलेला फेस बाटलीत येण्याचा प्रश्न नव्हता. बाटल्या आधीच कोमट केलेल्या. प्रत्येक बाटली तिरकी धरून धार आतल्या भिंतीवरून सोडायची, सुरुवात अगदी हळू, आणि बाटली भरत आली की सरळ करायची. भांड्यातला पाक तोटीपर्यंत उतरण्याआधी भरणे थांबवायचे, नाहीतर तोटी हवा ओढते. काठ पुसून झाकण लावले की बाटली थोडा वेळ आडवी ठेवायची, म्हणजे गरम पाकाने झाकणाची आतली बाजूही निर्जंतुक होते. घरातली आजी भरत होती. नातू घाई करू लागला की ती त्याच्या हातातली बाटली काढून घेई.

काम आटोपल्यावर ताज्या बर्फावर गरम पाकाची धार सोडून त्याचे चिकट गोड दोरे खायला दिले, सोबत आंबट काकडीचे लोणचे! गोडाने तोंड मिटले की लोणचे, मग पुन्हा गोड.

आपल्याकडे गुळाच्या हंगामात गुऱ्हाळावरून काकवी, कानडीत काकंबी, घरी येते. ती गरम करून बाटल्यांत भरायची असेल तर हीच रीत चालते. कोरडी, कोमट काचेची बाटली, फेस आधी काढलेला, धार भिंतीवरून, आणि भरल्यावर झाकण घट्ट. फेस म्हणा की नोरे म्हणा, त्याला बसायला दहा-पंधरा मिनिटे द्यायचीच. बाटली एकदा उघडली की मात्र मेपलचा पाक फ्रिजमध्येच ठेवावा.