लाखोरीच्या दाण्यातली रसायनं

सिहोरा, ता. तुमसर, जि. भंडारा

प्रिय सुनंदा,

तुझं पत्र पोचलं. लेकाला शाळेत प्रथिनांचा धडा लागलाय आणि अमिनो आम्लं समजावताना तुझी तारांबळ उडतेय म्हणतेस. अगं, आपली लाखोरीची डाळ विसरलीस का? सगळा धडा तिच्यात आहे.

धान कापायच्या आधीच ओल्या बांधीत बी शिंपडायचं. ना नांगरट, ना वेगळं पाणी. धान निघालं की खाली हिरवे वेल, त्यावर निळी फुलं. दाणा करडा, ठिपक्यांचा, एका बाजूनं चेपलेला. शंभर ग्रॅम दाण्यात प्रथिनं असतात जवळजवळ 28 ग्रॅम. तांदळात जेमतेम सात.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. दोन आम्लं जुळताना पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो आणि पेप्टाइड बंध तयार होतो. आम्लं मोजकी वीस, पण क्रम बदलला की प्रथिनाचं रूपही बदलतं आणि कामही. त्यातली नऊ आपलं शरीर बनवू शकत नाही, ती जेवणातूनच यावी लागतात. त्यातलं एक जरी कमी पडलं तरी उरलेली असून उपयोग नाही; जोडीतला एक बैल बसला की नांगर अडतो, तसंच. भातात लायसिन कमी, डाळीत मिथिओनिन कमी. दोन्ही एकत्र जेवलं की एकाची उणीव दुसरं भरून काढतं. आपल्या वरणभाताचं मोठेपण यातच आहे.

आता लाखोरीची दुसरी बाजू. तिच्यात ओडॅप नावाचं आणखी एक अमिनो आम्ल असतं. ते त्या विसांत मोडत नाही, प्रथिनाच्या साखळीत गुंफलं जात नाही, दाण्यात सुटंच राहतं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या राव, अदिगा आणि सर्मा यांनी 1964 साली ते वेगळं काढून दाखवलं. मज्जापेशी एकमेकींना निरोप देताना ग्लुटामेट वापरतात. ओडॅपची ठेवण त्याच्याशी मिळतीजुळती, म्हणून ते त्याच जागी जाऊन बसतं आणि पेशींना अतोनात चेतवतं. महिनोन्महिने लाखोरीवरच दिवस काढले तर पाय आखडतात, काठीशिवाय चालवत नाही, आणि ते दुखणं बरं होत नाही. दुष्काळात सगळं करपलं तरी लाखोरी तगते, म्हणून हा घाव नेहमी गरिबावरच बसला. 1961 पासून तिच्या विक्रीवर बंदी आली. महाराष्ट्रानं 2008 साली आपली बंदी उठवली.

ओडॅप पाण्यात विरघळतं. डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकून दिलं, की बरंचसं निघून जातं. रायपूरच्या कृषी विद्यापीठानं 'प्रतीक', 'महातिवडा' असे कमी ओडॅपचे वाणही काढलेत.

माझं म्हणणं एवढंच, की दोष एकट्या दाण्याच्या माथी मारू नये. ज्या ताटात दुसरं काहीच नव्हतं, त्या ताटाचा तो दोष आहे. लेकाला वीस नावं पाठ नाही झाली तरी चालेल. पण कुठलंही एकच धान्य खाऊन माणूस धड राहत नाही, हे मात्र त्याला नीट समजावून सांग.

तुझी,
मंदा