पेटीतली जागा

स्मरणिका समितीने माजी विद्यार्थ्यांकडे जुनी छायाचित्रे मागितली, आणि आमच्या तुकडीतील एका मित्राने वसतिगृहासमोर काढलेला सामूहिक फोटो व्हॉट्सॲपवरील गटावर पाठविला. तो उघडण्यासाठी आम्ही बोट टेकविले, तर फोनने कळविले की जागा शिल्लक नाही. चाळीस मुले, मागे विहाराची कमान, कडेला हात मागे बांधून उभे असलेले अधीक्षक गुरुजी. हे सारे एका पुसट चौकोनात अडकून राहिले.

‘आपली जागा’ म्हणजे काय, हे आम्हांला प्रथम या विद्यालयात कळले. घरी एकच खोली, आणि तिच्यात आमच्या एकट्याचे असे काहीच नव्हते. येथे मात्र प्रत्येकाच्या खाटेखाली एक पत्र्याची पेटी असे. दोन गणवेश, पांघरूण, वह्या, खोबरेल तेलाची बाटली आणि शेंगदाण्याच्या चटणीचा डबा एवढ्यात ती भरे. रविवारी सकाळची वंदना आटोपली की गुरुजी पेट्या उघडावयास लावीत. वाळलेली भाकरी, पाने फाटलेली वही, कुलूप हरवलेली किल्ली असे काय काय बाहेर निघे. गुरुजी स्वतः कधी काही फेकीत नसत. वस्तू आमच्या हाती देऊन ते विचारीत, “हे कशासाठी ठेवलंस?” उत्तर देता आले तर वस्तू पेटीत परत जाई. उत्तर खरे आहे की नाही, याची चौकशी ते करीत नसत, हे आमच्या पुष्कळ उशिरा लक्षात आले.

आम्हीही रविवारच निवडला आणि फोनची पेटी उघडली. सेटिंगमध्ये ‘स्टोरेज’ या नावाखाली कोणत्या गोष्टीने किती जागा अडविली, याचा हिशेब मिळतो. फोन चौसष्ट जीबीचा. आमचा संशय नातवंडांच्या फोटोंवर होता. पण एकट्या व्हॉट्सॲपने एकवीस जीबी व्यापले होते. त्याच्या सेटिंगमध्ये ‘स्टोरेज आणि डेटा’ व पुढे ‘स्टोरेज व्यवस्थापित करा’ असे गेले की अनेकदा फॉरवर्ड झालेल्या आणि पाच एमबीपेक्षा मोठ्या फायली वेगळ्या काढून दाखविल्या जातात. तेथे १४ एप्रिलच्या मिरवणुकीची एकच चित्रफीत आम्हांला चार गटांतून चारदा सापडली. मिरवणूक आम्ही स्वतः पाहिली होती, तीही एकदाच.

बाबासाहेबांच्या नावावर खपविलेल्या वाक्यांची चित्रे तर शेकड्यांनी होती. कोणते भाषण, कोणता ग्रंथ, याचा मागमूस नाही. महाराष्ट्र शासन १९७९ पासून बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड प्रसिद्ध करीत आले असताना आपल्याच लोकांनी निराधार वाक्ये पाठवीत राहावे, याचा आम्हांला राग येतो. ती चित्रे काढताना हात थांबला नाही.

हात थांबला तो ‘सुप्रभात’ लिहिलेल्या बुद्धप्रतिमांपाशी. तथागतांची मुद्रा निवडायची आणि खालच्या टोपलीच्या खुणेवर बोट ठेवायचे, हे मनाला रुचेना. मग सांचीची शिल्पे आठवली. तेथील प्राचीन तोरणांवर बुद्ध मानवी रूपात कोरलेले नाहीत. बोधिवृक्ष, धम्मचक्र आणि पावलांचे ठसे यांतूनच त्यांची उपस्थिती सुचविली आहे. त्या शिल्पकारांना जे चालले ते आम्हांलाही चालावे, असे मनाशी म्हणून आम्ही सातशेहून अधिक प्रतिमा काढल्या. एक ठेवली.

फोटोंच्या बाबतीत मात्र आम्ही जपून वागलो, आणि वाचकांनीही वागावे. गूगल फोटोजमधील जागा मोकळी करण्याची सोय वापरली, तर ज्यांची प्रत गूगलच्या खात्यात पोहोचली आहे तेवढेच फोटो फोनमधून निघतात. पण त्याच ॲपमध्ये फोटो निवडून टोपलीत टाकला, तर तो खात्यातूनही जातो. हा भेद न कळल्याने आमच्या परिचयातील एका कुटुंबाचे लग्नाचे फोटो गेले. शिवाय खात्यातील फुकटची जागा पंधरा जीबी, आणि तीत ईमेलही मोजले जातात. १ जून २०२१ पासून नवे फोटोही मोजले जाऊ लागले. म्हणून निवडक फोटो संगणकावर उतरवून ठेवणे बरे.

टोपलीत टाकलेला फोटो लगेच नाहीसा होत नाही. खात्यात प्रत असेल तर तो साठ दिवस तेथे राहतो. हे कळले तेव्हा गुरुजींनी सांगितलेली विनयपिटकातील एक कथा आठवली. भिक्खूने एकाहून अधिक पात्र बाळगू नये, असा नियम झाला होता. आनंदांना एक पात्र मिळाले. ते सारिपुत्तांना द्यावे अशी त्यांची इच्छा; पण सारिपुत्त साकेत नगरीत होते. भगवंतांनी विचारले, ते किती दिवसांनी येतील? नऊ किंवा दहा, असे आनंदांनी सांगितले. त्यावर अतिरिक्त पात्र दहा दिवसांपर्यंत ठेवण्यास अनुमती मिळाली. दुसऱ्यासाठी जपलेल्या वस्तूकरिता नियमानेही थोडी वाट पाहिली होती.

व्हॉट्सॲपमधून काढलेल्या ध्वनिसंदेशाला अशी सवलत नाही. तो गेला की गेला. हे आम्हांला ठाऊक आहे, कारण दोन वर्षांपूर्वी आम्ही ती चूक केली.

आमच्या मायला लिहिता-वाचता येत नव्हते. आम्ही विद्यालयात असताना पोस्टकार्ड पाठवीत असू आणि ते तिला शेजारचे कोणी वाचून दाखवी. उत्तर क्वचितच येई. पुढे धाकट्या भावाच्या फोनवरून ती बोलून निरोप पाठवू लागली. उतारवयात तिला पत्र लिहिता यावे, तसे ते झाले. ती गेल्यानंतर काही महिन्यांनी फोन असाच भरला. भावाच्या संवादात दोन जीबी साठलेले पाहून, ते सारे त्याने पाठविलेले विनोद असणार असे समजून, आम्ही ‘सर्व निवडा’ म्हटले आणि पुसून टाकले. यादीत सर्वांत मोठे आधी दिसते. मायचा आवाज शेवटी, तळाशी होता. तीन मिनिटांच्या अशा ध्वनिसंदेशाने एक एमबीदेखील भरत नाही. आम्ही खालपर्यंत गेलोच नाही.

तेव्हा लाजेने भावाला काही बोललो नाही. या रविवारी बोललो. तो म्हणाला, “दादा, फोन बदलला मी. पण ज्यावरून ती बोलायची तो जुना कपाटात पडलाय.” पाठविलेल्या संदेशाची एक प्रत पाठविणाऱ्याच्या फोनमध्येही राहते, हे आम्हांला कधी सुचलेच नव्हते. दुपारभर तो फोन चार्जिंगला लावून भावाने शोध घेतला. चार संदेश सापडले.

तोवर आमच्या फोनमध्ये चौदा जीबी मोकळे झाले होते. गटात आलेले सारे आपोआप उतरवून घेण्याची सोयही बंद केली. आधी सामूहिक फोटो उघडला. दुसऱ्या रांगेत डावीकडून चौथे आम्ही, गुंडी तुटलेली. मग भावाने पाठविलेले चारही संदेश ऐकले. तिसऱ्यात माय विचारते, “तुझी साळंची पेटी हाय ना, तिच्यात मी डाळ भरून ठेवलीया. कडी निखळलीया तिची. ठेवू, का देऊ कुनाला?”

या प्रश्नाला आम्ही उत्तर दिले होते की नाही, ते आता आठवत नाही. पेटी भावाकडून आणवली आहे. तळाशी अजून तुरीच्या डाळीचे दाणे आहेत आणि झाकणाच्या आत रंगाने लिहिलेला आमचा हजेरी क्रमांक वाचता येतो. समितीला पाठविण्यासाठी तिचे छायाचित्र काढले. ते साडेतीन एमबीचे झाले.