खालच्या पायदानावरची गाणी

पूर्वीची गाणी चांगली आणि आताची टुकार, ही तक्रार १९५२ सालीही होत होती, आणि ती करणारा माणूस थेट केंद्रीय मंत्री होता. पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर त्या वर्षी माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. शास्त्रीय संगीतावर त्यांचं मनापासून प्रेम होतं आणि सिनेमाच्या गाण्यांनी देशाची अभिरुची बिघडते आहे, असं तितकंच मनापासूनचं मत होतं. त्यांनी आकाशवाणीवरची फिल्मी गाण्यांची वेळ कापली, गाण्याबरोबर सिनेमाचं नाव सांगणं बंद केलं. निर्मात्यांशी बिनसलं आणि सिनेमाचं गाणं आकाशवाणीवरून जवळजवळ नाहीसं झालं. ही गाणी कोणाची होती? अनिल विश्वास, नौशाद, सी. रामचंद्र, शंकर-जयकिशन यांची. ज्या वर्षांना आज आपण सुवर्णकाळ म्हणून हात जोडतो, ती वर्षं केसकरांना घसरणीची वाटत होती.

आकाशवाणीने सोडलेली जागा रेडिओ सिलोनने घेतली. दुसऱ्या महायुद्धात उभारलेल्या ताकदवान ट्रान्समीटरमुळे कोलंबोचा आवाज लघुलहरींवरून थेट आमच्या सांगलीपर्यंत यायचा. ३ डिसेंबर १९५२ च्या बुधवारी ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. अमीन सायानी मुंबईत कार्यक्रम ध्वनिमुद्रित करत आणि टेप कोलंबोला जात. रेकॉर्डची विक्री आणि गावोगावच्या श्रोता संघांची पत्रं यांच्यावरून गाण्यांचं पायदान ठरायचं. वर चढणारं, खाली उतरणारं, पहिल्यांदाच आलेलं गाणं, सगळं सायानी अशा जिव्हाळ्याने सांगत, की घरातलंच कोणी परीक्षेला बसलं आहे असं वाटावं.

माझ्या थोरल्या भावाने, दादाने, सत्तरच्या दशकात या कार्यक्रमाच्या वह्या ठेवल्या होत्या. दर बुधवारी आठ वाजता तो रेडिओला कान लावून बसायचा आणि पायदानाचा आकडा, सिनेमा, गायक, संगीतकार असे रकाने भरायचा. ‘तेव्हाची गाणी’ हा विषय निघाला, की मला त्या वह्या आठवतात, कारण आठवण दगा देते आणि वही देत नाही. आठवणीत फक्त मदन मोहन आणि सलील चौधरी उरलेले असतात. वहीत मात्र पानंच्या पानं अशा सिनेमांची आहेत, ज्यांची नावं आज कोणाला सांगता येणार नाहीत, आणि अशा गाण्यांची, जी पुन्हा लावून ऐकावीशी वाटत नाहीत.

पहिल्या क्रमांकाचं तरी काय? १९५७ हे ‘प्यासा’, ‘मदर इंडिया’ आणि ‘नया दौर’ यांचं वर्ष. सचिनदेव बर्मन, नौशाद, ओ. पी. नय्यर, तिघेही ऐन बहरात. त्या वर्षाच्या गीतमालेत अव्वल ठरलं ते ‘जनम जनम के फेरे’मधलं एस. एन. त्रिपाठींचं गाणं. गाणं गोड आहे, लता आणि रफी दोघांनी जीव ओतून गायलेलं आहे. पण ‘प्यासा’च्या आधी त्याचं नाव आज कोण घेईल? १९८१ साली तर ‘उमराव जान’ पडद्यावर होता, खय्याम आणि आशाबाईंनी आपल्या कारकिर्दीतलं सर्वांत नाजूक काम केलं होतं. वर्षाचं अव्वल गाणं मात्र ‘लावारिस’मधलं, अमिताभ बच्चन यांनी स्वतः गायलेलं. लोकांचा कौल हा लोकांच्या मजेचा, लग्नाच्या मांडवाचा, बारशाच्या लाउडस्पीकरचा कौल असतो. गुणवत्तेचा पुरावा म्हणून त्याच्याकडे तेव्हाही पाहता येत नव्हतं आणि आज यूट्यूबच्या आकड्यांकडेही पाहता येत नाही.

मग काहीच बिघडलेलं नाही का? बिघडलं आहे, आणि फार बिघडलं आहे. फक्त आपण ते शिखरावर शोधतो, आणि ते आहे पायथ्याशी. त्या वह्यांमधलं सगळ्यांत खालच्या पायदानावरचं, विसरलेल्या सिनेमातलं, सामान्य चालीचं गाणं घ्या आणि गायकाकडे दुर्लक्ष करून मागचं वाजवणं ऐका. व्हायोलिनचा ताफा एका श्वासात वर जातो. मुखडा संपतो तिथे अकॉर्डियन अलगद अंतऱ्याचा हात धरतं. ढोलकवाला प्रत्येक आवर्तनाला एखादी मात्रा वेगळी फिरवतो. शब्द यमकापुरते असतील, चाल ऐकल्यासारखी वाटेल, पण वाजवणं अव्वल. कारण ‘प्यासा’सारख्या सिनेमाला वाजवणारी माणसं आणि चार दिवसांत पडलेल्या सिनेमाला वाजवणारी माणसं बऱ्याच वेळा तीच होती. सकाळची शिफ्ट एका संगीतकाराची, दुपारची दुसऱ्याची.

ही माणसं कोण होती, हे महाराष्ट्राने आणि गोव्याने तरी विसरायला नको. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मुलं सोल्फेज, म्हणजे पाश्चात्त्य स्वरवाचन, आणि व्हायोलिन शिकत आणि पोटासाठी मुंबईला येत. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यातले. राहुल देव बर्मन आणि लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल दोघेही त्यांचे शिष्य. १९५८ साली त्यांनी भारतीय रागांवर आधारलेल्या रचना मोठ्या वाद्यवृंदासाठी लिहून मुंबईत सादर केल्या, लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. ‘अमर अकबर अँथनी’मधल्या पात्राचं नाव हे प्यारेलालजींनी गुरूला केलेलं वंदन आहे. शंकर-जयकिशनच्या भव्य वाद्यमेळामागे अरेंजर सेबॅस्टियन डिसूझा होते. ढोलकावरचा जो ठेका वादकांच्या बोलण्यात आजही ‘दत्ताराम ठेका’ म्हणून ओळखला जातो, तो दत्ताराम वाडकरांचा. ट्रम्पेटवाले चिक चॉकलेट १९५१ च्या ‘अलबेला’त सी. रामचंद्रांबरोबर होते. पुण्याचे इनॉक डॅनियल्स अकॉर्डियनवर, मारुतीराव कीर राहुलदेवांच्या तालविभागात, अनिल मोहिले अरेंजर म्हणून. पारशी लॉर्ड घराण्याची तर दोन पिढ्यांची सेवा: कावस लॉर्ड आणि त्यांचे मुलगे केरसी व बुजी.

ताडदेवच्या फेमस किंवा वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत रेकॉर्डिंग असलं, की पन्नास-साठ वादक आणि गायक एकाच वेळी वाजवत-गात. शेवटच्या ओळीला कोणाचा स्वर घसरला, तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. त्याआधी मॉनिटरवर मॉनिटर, म्हणजे तालमी. ७८ च्या रेकॉर्डवर एका बाजूला सव्वातीन मिनिटांच्या आसपास मावायचं, तेवढ्यात सुरुवातीचा तुकडा, मुखडा, दोन-तीन अंतरे आणि मधले वाद्यतुकडे बसवायचे. जागा इतकी थोडी, की एकही बार वाया घालवणं परवडत नसे. दोन अंतऱ्यांमधले तुकडेही शक्यतो वेगवेगळे लिहायचे, ही त्या अरेंजरांची शिस्त होती. आपण ती गाणी गुणगुणताना शब्दांच्या मधले व्हायोलिनचे तुकडेही तोंडाने वाजवतो, ते उगाच नाही.

आता खालच्या पायदानावरचं आजचं गाणं ऐका. पहिल्या पाच सेकंदांत हुक, म्हणजे कानात अडकणारा तुकडा. तो यायलाच हवा, कारण तीस सेकंदांच्या आत श्रोत्याने पुढचं गाणं लावलं, तर स्पॉटिफायसारख्या सेवेवर ते ऐकणं मोजलंच जात नाही. मग तोच तुकडा पुन्हा, मग पुन्हा. अंतरा एकच, आणि तोही हुककडे परतण्याची घाई असलेला. मधल्या तुकड्याची जागा कॉपी-पेस्ट केलेल्या लूपने घेतलेली. तालात एकाही मात्रेचा फरक नाही, कारण तो वाजवणारा हात नाही. गायकाचा स्वर ऑटोट्यूनने इतका सरळ केलेला, की दोन गायक ओळखू येऊ नयेत. एका सिनेमाला चार-पाच संगीतकार, त्यामुळे सिनेमाचा म्हणून एक सूर नाही. नवीन सुचेनासं झालं, की जुनं उकरून त्याच्यावर ठोके चढवायचे. २०२० साली ‘मसकली’ची नवी आवृत्ती निघाली, तेव्हा मूळ चाल करणाऱ्या ए. आर. रहमान यांना जाहीरपणे नाराजी व्यक्त करावी लागली.

यंत्राला मी दोष देत नाही. त्याच रहमाननी १९९२ च्या ‘रोजा’त यंत्र काय करू शकतं ते दाखवलं आणि ते ऐकताना आम्ही थरारलो होतो. शिखरं आजही आहेत. अजय-अतुल यांच्या ‘जोगवा’ला गायन आणि संगीत दोन्हींचे राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. २०१६ च्या ‘सैराट’साठी त्यांनी हॉलिवूडमध्ये सिम्फनी वाद्यवृंद घेऊन ध्वनिमुद्रण केलं आणि त्याच सिनेमातल्या ‘झिंगाट’वर साऱ्या महाराष्ट्राच्या वराती नाचल्या. लोकप्रिय गाणं आणि मेहनतीने वाजवलेलं गाणं यांत वैर नाही, हे यापेक्षा ठळक कसं सांगायचं? दुसरीकडे, २०२४ मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या संजू राठोडचं ‘गुलाबी साडी’ सिनेमाच्या आधाराशिवाय देशभर वाजलं. माझ्या लहानपणी मराठी गाण्याला हे दार बंद होतं. गीतमालेच्या हिंदी पायदानावर आमच्या भाषेला उभं राहायला जागाच नव्हती. ज्या मुलाकडे स्टुडिओ नाही, ओळख नाही, त्यालाही आता ऐकणारे मिळतात. हे मला मनापासून आवडतं आणि जुन्या दिवसांच्या प्रेमापोटी ते मी नाकारणार नाही.

पण दोन शिखरांच्या मधला जो विस्तीर्ण सपाट प्रदेश असतो, रोज कानावर पडणारा, तो उजाड झाला आहे. पूर्वी सामान्य गाण्यालाही उत्तम कारागीर लाभत. आज उत्तम कारागीर फक्त मोठ्या बजेटच्या गाण्याला परवडतात आणि बाकीच्यांचं एका लॅपटॉपवर भागतं. ऐंशीच्या दशकात सिंथेसायझरने व्हायोलिनच्या रांगा रिकाम्या करायला सुरुवात केली. ज्यांनी हजारो गाणी वाजवली, त्यांचं नाव रेकॉर्डच्या लेबलवर कधी छापलं गेलं नाही आणि ते निवृत्त झाले तेव्हा त्यांची जागा कोणी घेतली नाही. दत्तारामांचा ठेका आता सॅम्पल म्हणून मिळतो, नावाशिवाय.

मिरजेत आजही सतार आणि तंबोरे बनतात. गोव्यात, कोल्हापुरात, पुण्यात मुलं व्हायोलिन आणि सॅक्सोफोन शिकतात, आणि चांगलं शिकतात. त्यांच्यासाठी कामं आहेत ती जुन्या गाण्यांच्या वाद्यवृंदात, म्हणजे सेबॅस्टियन डिसूझांनी साठ वर्षांपूर्वी लिहिलेले तुकडे जसेच्या तसे वाजवण्याची. शनिवार-रविवारी नाट्यगृहं त्यासाठी भरतात, तिकिटं काढून आम्हीच भरतो. या मुलांना त्यांच्या वयाच्या संगीतकाराने नवीन तुकडा लिहून द्यावा आणि एका साध्यासुध्या मराठी गाण्यात, अगदी शेवटच्या क्रमांकावर राहणाऱ्या गाण्यातसुद्धा, तो त्यांच्याकडून वाजवून घ्यावा. तेवढे पैसे एखाद्या निर्मात्याने घालावेत. गाण्याखाली त्यांची नावंही लिहावीत, आता तर त्याला कागदही लागत नाही.