तपासणीच्या टेबलाशी

फोटोग्राफी कुठे शिकलात, असं मला विचारलं जातं तेव्हा समोरच्याला एखाद्या संस्थेचं नाव ऐकायचं असतं. मी सोलापूरची अक्कलकोट रोड एमआयडीसी सांगतो. तिथल्या एका टॉवेलच्या कारखान्यात या कलेची मुळाक्षरं मी गिरवली. हात धरून ती गिरवून घेणारी माणसं तीन. शहरात छोटा स्टुडिओ चालवणारे अण्णा, मागांची दुरुस्ती पाहणारे जॉबर मामा आणि तयार माल तपासणाऱ्या अक्का. मामांनी आणि अक्कांनी कॅमेरा कधी हातात घेतला नव्हता, तरी त्यांचं देणं अण्णांच्या देण्याइतकंच मोठं आहे.

सोलापूरच्या चादरीला आणि टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, हे आपण अभिमानाने सांगतो. तो माल ज्या शेडमधून येतो तिथे पहिल्यांदा शिरणाऱ्याला काही ऐकू येत नाही. मागांचा खडखडाट इतका असतो की माणसं हातवाऱ्यांनी आणि ओठांच्या हालचालींवरून बोलतात. हवेत कापसाचं तूस तरंगत असतं. इथली कितीतरी कुटुंबं पद्मशाली या विणकर समाजाची, पूर्वज तेलंगणातून आलेले. घरात तेलुगू, रस्त्यावर मराठी आणि मधूनच कन्नड. अशा ठिकाणी अण्णा मला घेऊन गेले, कारण लग्न-बारशांच्या जोडीला ते कारखान्यांच्या मालाचे कॅटलॉगसाठी फोटो काढायचे आणि त्यांना बॅग धरणारं कोणीतरी हवं होतं. शेडमध्ये लेन्स बदलायची नाही, हा त्यांचा पहिला दंडक. तूस आत गेलं की सेन्सरवर बसतं आणि मग प्रत्येक फोटोत तोच डाग दिसत राहतो.

पहिला धडा मात्र शेडच्या बाहेर, गोदामात झाला. अण्णांनी तीन टॉवेल मागवले, एक पांढरा, एक काळा, एक बदामी. प्रत्येकाची घडी जवळून, चौकट पूर्ण भरेल अशी, कॅमेरा ऑटोवर ठेवून टिपायला लावली. मग तिन्ही फोटो पडद्यावर ओळीने दाखवले. तिन्हींची छटा जवळपास सारखीच होती, पांढरा मळका आणि काळा विटका. कॅमेऱ्याचा मीटर समोरची वस्तू मध्यम करडी, म्हणजे सुमारे 18 टक्के उजेड परत फेकणारी, आहे असं धरून चालतो, हे त्यांनी तेव्हा सांगितलं. पांढऱ्यासाठी उजेड एक-दीड स्टॉप वाढवायचा, काळ्यासाठी कमी करायचा. "मशीनला टॉवेल माहीत नाही. तुला माहीत आहे," एवढं म्हणून ते चहाला गेले. एक्स्पोजर या विषयावर मी नंतर पुस्तकं वाचली. त्या तीन टॉवेलांनी जे पक्कं केलं त्यात पुस्तकांनी तपशिलाची भर घातली, पाया तोच राहिला.

पुढचा धडा अक्कांचा. त्यांचं टेबल खिडकीशी होतं आणि उजेड डाव्या हाताने यायचा. ती जागा त्यांनी मागून घेतली होती. टेरी टॉवेल विणताना दोन ताणे, म्हणजे उभ्या धाग्यांचे दोन संच, लागतात. एक घट्ट, तो जमीन धरतो. दुसरा सैल, त्याचे फास वर उभे राहतात आणि पाणी शोषतात. एखादा फास सुटला, एखादा धागा तुटला तर ते समोरून पडलेल्या उजेडात दिसत नाही. अक्का टॉवेल टेबलावर पसरायच्या, एक कड किंचित उचलायच्या, नजर जवळजवळ कापडाला टेकवायच्या. बाजूने आलेल्या उजेडात प्रत्येक फासाची सावली पडे आणि जिथे सावली नाही तिथे खोट सापडे. बोटात अडकवलेल्या छोट्या कात्रीने लोंबता धागा उडवायचा, खोटीवर खडूची रेघ ओढायची, टॉवेल बाजूच्या थप्पीवर. हे सगळं श्वास घ्यावा इतक्या सहज.

"काय बघायलास एवढं?" त्यांनी एकदा विचारलं. मी म्हटलं, "अक्का, माझ्या फोटोत टॉवेल सपाट दिसतोय. मऊपणा येत नाही." त्यांनी हातातला टॉवेल माझ्याकडे सरकवला. "वरनं उजेड पडला की काय दिसत नाही बघ. बाजूनं येऊ दे." मी दिवा खाली आणला, टेबलाच्या पातळीला, एका अंगाला. दुसऱ्या अंगाला पांढरा थर्माकोल उभा केला, सावली फार काळी पडू नये म्हणून. पडद्यावर फासन् फास उभा राहिला. अण्णा बघून म्हणाले, "आता हा विकला जाईल."

कापड आणि फोटो यांची जोडी फार जुनी आहे, हे मला पुढे कळलं. इंग्लंडमध्ये हेन्री फॉक्स टॅल्बट यांनी कागदावर फोटो काढण्याची रीत शोधली आणि 1844 पासून 'द पेन्सिल ऑफ नेचर' हे पुस्तक भागाभागाने काढलं. त्यातल्या चित्रांत लेसच्या कापडाचाही एक फोटो आहे. फोटोचं सामर्थ्य दाखवण्यासाठी त्यांना विणीचा धागा न् धागा दाखवावासा वाटला. आपल्याकडे 1854 मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या आरंभीच्या मंडळींपैकी. काचेच्या प्लेटा, रसायनं, अंधारखोली, हा सारा खर्च झेपणाऱ्यांचीच ती विद्या होती. माझ्या वाट्याला ती आली तेव्हा कॅमेरा बराच स्वस्त झाला होता. महाग होता तो दुसऱ्याचा वेळ.

हे मला जॉबर मामांमुळे समजलं. मला चालत्या मागाचा फोटो हवा होता. शेडमध्ये ट्यूबलाइट. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणून जुन्या चोकवरची ट्यूब सेकंदाला शंभरदा उजळते आणि मंदावते. डोळ्याला ते कळत नाही, पण शटर फार जलद ठेवलं की एक फोटो उजळ, दुसरा काळपट, तिसऱ्यावर पट्टे. म्हणून अण्णांनी सांगून ठेवलं होतं की 1/50 किंवा 1/100, त्यापुढे जायचं नाही. पण एवढ्या संथ शटरला आडवा धागा ठोकणारी पळती फणी धूसर येणार. मामांनी माझी अडचण ऐकली, म्हणजे माझे हातवारे पाहिले, आणि मला मागाच्या बाजूला, धोटा ज्या पेटीत शिरतो तिथून सुरक्षित अंतरावर उभं केलं. मग बोटांनी मोजून दाखवलं. टेरीच्या विणीत पहिले दोन धागे फणी अलीकडेच सोडते, तिसऱ्याला ती पूर्ण पुढे येऊन ठोकते आणि तिघांना एकदम रेटते, तेव्हा फास उभे राहतात. पुढे आलेली फणी मागे वळण्याआधी निमिषभर थांबते. तो निमिष पकडायचा. मामांचं बोट वर, वर, आणि तिसऱ्याला खाली. त्या खुणेवर मी बटण दाबत गेलो आणि 1/100 लाही फणी स्वच्छ आली.

शेजारच्या मागाचा ताण्याचा बीम संपला होता, मामांना तिकडून बोलावणं येत होतं आणि ते मला मोजून दाखवत होते. अक्कांचा हिशेब तर नगावर. जितके टॉवेल तपासले तितके पैसे. माझ्यासाठी त्यांनी थांबवलेला प्रत्येक हात त्यांच्या आठवड्याच्या मजुरीतून जात होता. कोणी हे बोलून दाखवलं नाही.

मी अक्कांच्या हातांचे फोटो काढले. कात्री, खडू, बाजूचा उजेड, सगळं मनासारखं आलं. मोठी प्रत करून त्यांना दिली. त्यांनी ती नीट पाहिली आणि म्हणाल्या, "हाताचं फोटो काय करू रे मी? चेहरा काढ की माझा." पदर सारखा करून त्या टेबलाशी ताठ उभ्या राहिल्या, थेट कॅमेऱ्याकडे बघत. उजेड डावीकडूनच होता. अण्णांनी त्या फोटोला चौकट केली आणि पैसे घेतले नाहीत. ज्याचा फोटो काढायचा त्याला स्वतः कसं दिसायचं आहे हे आधी विचारावं, हे मला कोणत्याही वर्गात शिकवलं गेलं नसतं.

आता माझ्याकडे मुलं शिकायला येतात. कोणता कॅमेरा घेऊ, हा त्यांचा पहिला प्रश्न. मी त्यांना आधी तीन टॉवेल देतो. मग कारखान्याची परवानगी काढून त्यांना तपासणीच्या टेबलाशी नेतो. एक नियम मात्र मी पाळतो आणि त्यांनाही पाळायला लावतो. जिचं काम आपण थांबवतो तिच्या त्या तासाची मजुरी आधी मोजायची, आणि फोटोची प्रत तिला हवी तशी, तिच्या पसंतीची द्यायची. अण्णा, मामा आणि अक्का यांचं देणं एवढ्याने फिटणार नाही. पण पुढच्या मुलांची शिकवणी कोणाच्या मजुरीतून जाऊ नये, इतकं तर माझ्या हातात आहे.