लेकीची खाट

लेकीला सांगवीच्या बाबुरावजी घोलप महाविद्यालयात प्रवेश मिळाला. पेढे वाटून झाले आणि घरात पहिला प्रश्न निघाला तो अंथरुणाचा. आम्ही सोलापूरची माणसे, चादरींना तोटा नाही. चार चादरी, आजीने जुन्या लुगड्यांची शिवलेली वाकळ आणि एक उशी अशी वळकटी बांधली आणि आम्ही उभयता लेकीला घेऊन हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये बसलो.

पुण्याला लोणावळ्याची लोकल धरली की तिसरे स्टेशन दापोडी. तिथून रिक्षाने पवनेचा पूल ओलांडला की सांगवी लागते. गावाच्या एका अंगाला पवना, दुसऱ्या अंगाला मुळा, आणि दोघींचा संगमही जवळच. मूळचे हे नदीकाठचे शेतीचे गाव. आता जुनी सांगवी, नवी सांगवी असे दोन भाग झाले आहेत. पाळीला जाणारे कामगार आणि खोली करून राहणारी मुले-मुली जिकडेतिकडे दिसतात. पुलावरून नदी हिरवीगार दिसली, तेव्हा आम्ही कौतुकाने पाहत राहिलो. रिक्षावाले दादा म्हणाले, "काकू, ती जलपर्णी आहे. मच्छरदाणी आणलीय ना?" आम्ही आणली नव्हती.

सरकारी वसतिगृहात लेकीचा नंबर लागला नाही. तिथे राहणे-जेवणे आणि अंथरूण-पांघरूण मोफत असते. नंबर न लागलेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलांसाठी २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. पिंपरी-चिंचवडसारख्या शहरात तिचे वर्षाला ६०,००० रुपये मिळतात: भोजनाचे ३२,०००, निवासाचे २०,००० आणि निर्वाहाचे ८,०००. तो अर्ज भरून आम्ही खोली पाहायला निघालो. तळमजल्याची खोली स्वस्त होती. पण शेजारच्या ताईंनी बाजूला घेऊन सांगितले, की २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२४ च्या जुलैमध्ये काठावरच्या सखल वस्तीत पुराचे पाणी शिरले होते. धरणाचे पाणी सोडले की पहिली भिजते ती गादी! आम्ही वरच्या मजल्यावरची खोली घेतली. दोन खाटा, दोन मुली. दुसरी वाशिमची.

खाट लोखंडी होती. मधल्या दोन पट्ट्या तुटलेल्या, त्यामुळे बसले की खड्डा पडे. गादीतल्या कापसाचे गोळे झाले होते आणि शिवणीला काळे ठिपके होते. म्हणजे ढेकूण.

इथे आम्हा दोघांत थोडी वादावादी झाली. एकाचे म्हणणे, आपण जमिनीवर झोपून वाढलो, आपले काय बिघडले? दुसरीचे म्हणणे, वीस वर्षे बिड्या वळून माझी पाठ बघा, मग बोला. पौर्णिमेला अष्टशील पाळताना आपण उंच बिछाना सोडून खाली झोपतो ते आपखुशीने. खाट नाही म्हणून खाली झोपणे निराळे. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली आमच्याच सोलापुरात वसतिगृह काढले, तेव्हा विद्यार्थ्यांच्या जेवणाबरोबर कपड्यालत्त्याचीही सोय पाहिली होती. रात्रभर ढेकूण मारणारी मुलगी सकाळच्या तासाला काय ऐकणार? वाद तिथेच संपला.

मालकीणबाईंची परवानगी काढून खाट गच्चीवर नेली. प्रत्येक सांध्यात, भोकात उकळते पाणी ओतले. कुणी रॉकेल सुचवले, पण झोपायच्या जागी रॉकेल नको, आगीचे भय. ढेकणाची अंडी उरतात, म्हणून आठवड्याने पुन्हा उकळते पाणी ओतायला लेकीला बजावले. तुटक्या पट्ट्यांवर सहा बाय तीनचा प्लायवूड टाकला, तो फर्निचरवाल्याकडून जुना मिळाला. खड्डा गेला. गादी पिंजाऱ्याकडे दिली. त्याने कापूस उन्हात वाळवून पिंजून काढला, जुनी खोळ टाकून नवी घातली. नवी फोमची गादी यापेक्षा महाग पडली असती, आणि उन्हाळ्यात फोम पाठीला तापतो. गादीवर वाकळ, वाकळीवर सोलापुरी चादर. मच्छरदाणीसाठी खाटेच्या चार पायांना सुतळीने बांबू बांधले. जाळीची कड गादीखाली नीट खोचली नाही तर मच्छरदाणी असून नसल्यासारखी, हे लेकीला दोनदा करून दाखवले. पावसाळ्यात ऊन मिळत नाही, तेव्हा रविवारी गादी भिंतीला उभी टेकवून पंखा लावायचा. नाहीतर दमट वास धरते.

एवढे होईस्तोवर दोन दिवस गेले. दोन्ही रात्री मालकीणबाईंनी आम्हाला मुलींच्याच खोलीत झोपू दिले. दुसऱ्या रात्री लेक नव्या गादीवर निजली. आम्ही खाली चादर टाकून पडलो. मच्छरदाणी एकच होती, त्यामुळे डासांनी आम्हाला फोडून काढले. वर मात्र कुशी बदलल्याचाही आवाज नव्हता.

दिवाळीला लेक घरी आली. आल्या आल्या आजीजवळ बसली आणि म्हणाली, "आजी, अजून एक वाकळ शिवशील का? वाशिमवाली रोज माझ्या गादीवर येऊन बसते." आजीने पेटीतली लुगडी बाहेर काढली आहेत. दोरा जाड हवा, म्हणून आम्हाला बाजारात धाडले आहे.